काळ्या फ्रॉकमधली बाई

४ जून

ती. स्व. काकूस,
सा. न. वि. वि.

काकांच्या बॉम्बरचं मॉडेल जवळजवळ तयार आहे. पंखांवरच्या हिरव्या-तपकिरी पट्ट्यांसाठी मी तीन पुस्तकं पालथी घातली, पोटाचा काळा रंग दोनदा खरवडला. फ्लाइंग क्लबने काचेचं कपाट केलंय आणि पडदा तुम्हीच दूर करावा असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

अडचण एकच. क्लबच्या भिंतीवरच्या फोटोत विमानाच्या नाकावर एक बाई रंगवलेली दिसते. बॉम्बवर ऐसपैस बसलेली, काळ्या फ्रॉकमधली. फ्रॉक जरा आखूडच आहे. ही कोण, ठाऊक असेल तर कळवावं. बोटांचा डिंक कागदाला लागलाय, रागावू नये.

उत्तराची आणि मायेची वाट पाहणारा,
आपला डिंक्या

९ जून

चि. डिंक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र टेबलाला चिकटलं होतं. सोडवून वाचलं.

त्या बाईला मी ओळखते. विमानतळाच्या कँटीनमध्ये चहा ओतायची, बारा महिने काळ्या फ्रॉकमध्ये. निम्मं स्क्वाड्रन जास्तीची साखर मागायला तिच्यापुढे उभं, तुझे काका सर्वांत पुढे. विमान मी कधी पाहिलं नाही, लग्नानंतर हाच फोटो दाखवून त्यांना विचारलं, हे चित्र कोणाचं? तर मिशीत हसून म्हणाले, ओळख पाहू. मरेपर्यंत हेच उत्तर. मी ओळखलंच होतं.

तेव्हा नाक कोरं ठेव. मी भरल्या सभेत पडदा ओढायचा आणि आतून सवत बाहेर! जमणार नाही. ती बाई असेल तर मी येणार नाही, आणि त्यांची पदकंही देणार नाही. कपाटात तुझं खेळणं एकटंच बसेल. जेवत जा वेळेवर. रंगाच्या वासाने पोट भरत नाही.

रागाखाली माया आहे, ती उकरून घे.
तुझी काकू

१७ जून

ती. स्व. काकूस,
सा. न. वि. वि.

नाक कोरं ठेवायला हात धजेना. खोटंच विमान करायचं तर साबणाची पेटी रंगवली असती. म्हणून काकांच्या जुन्या मेकॅनिकला गाठलं. त्याने त्याच विमानाचा दुसरा फोटो पाठवला. त्यात तोच फ्रॉक राखाडी!

मी चक्रावलो. मग आजूबाजूला पाहिलं. विमानामागे आग विझवायच्या बादल्या टांगल्या आहेत. क्लबच्या फोटोत त्या काळ्याकुट्ट, या फोटोत राखाडी. टायर मात्र दोन्हीकडे काळेच. काकू, त्या काळी एका जातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, लाल ते सगळं काळं उमटे; दुसऱ्या जातीत तेच राखाडी. बादल्या लाल होत्या, म्हणजे फ्रॉकही लाल! मेकॅनिकलाही विचारलं. तो म्हणतो, काकांनी बादल्यांचाच रंग ढापून चित्र स्वतः काढलं, आणि बाई कोण असं विचारणाऱ्याला पाना फेकून मारला.

कँटीनवाली सुटली. आता ही दुसरीच कोणी निघाली, तर माझा इलाज नाही.

शिव्या आणि लोभ, दोन्ही यावेत.
आपला डिंक्या

२२ जून

चि. डिंक्यास,
अ. उ. आ.

दुसरी वगैरे कोणी नाही. त्या गावात लाल फ्रॉक एकच होता. कॉलेजच्या नाटकासाठी मी स्वतः शिवलेला. नाटक संपल्यावर तोच घालून तुझ्या काकांच्या सायकलवर बसले होते. माझे वडील विमानतळावर कारकून. आपल्या लेकीचे उघडे गुडघे विमानावर दिसले असते, तर शत्रूच्या आधी त्यांनीच तुझ्या काकांना पाडलं असतं. तेव्हा हे गप्प बसले, ते ठीक. लग्नानंतर का गप्प? मी जळायची आणि यांना मजा यायची, म्हणून. आचरट माणूस! पत्र वाचून त्यांच्या तसबिरीला यथेच्छ झापलं. मग पदराने तिची काच पुसली.

बाई रंगव. पदकं घेऊन मी येते. फक्त तिची कंबर किती जाड दाखवली आहे ते उलट टपाली कळव. त्यांचा हात चित्रात बेताचाच होता. जाड असेल तर तुझा अचूकपणा गुंडाळून ठेव आणि ब्रश आत घे. पडदा ओढण्याआधी मी भिंग लावून पाहणार आहे.

तुझ्यावर लोभ आहे, कंबर पाहून तो वाढेल.
तुझी काकू