सोडतीसाठी ठेवलेली पेटी

लोडाय, ९ जानेवारी

प्रिय अर्नेस्टीनताईस, ल्यूशसचा सा. न.

नोव्हेंबरच्या तापापासून मला वास येत नाही. कशाचाच. परवा भट्टीत मक्याचा पाव जळून कोळसा झाला आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलेलो. डेल्फीन धावत आली आणि म्हणाली, नवऱ्याचं नाक आहे की शोभेचा दागिना! मी हसलो. तिलाही अजून सांगितलेलं नाही.

तळघरात एकतीस पिंपं आहेत. कुठली वाइन कशात मिसळायची ते नाकच ठरवतं. मी रोज पेला तोंडाशी नेतो आणि जाणकारासारखी मान डोलावतो.

त्यात तू भरवलेली सोडत! आपल्या काळ्या माणसांच्या द्राक्षमळ्यांचा सोहळा, पहिलं बक्षीस माझ्या वाइनची पेटी, आणि त्यातली एक बाटली मीच उघडून तिचा वास-चव सांगायची. समोर सगळे वाइन करणारे. ताई, माझं नाव काढ. आजोबांनी चाळीस वर्षं परक्यांच्या मळ्यात छाटणी केली. त्यांचं नाव मी बाटलीवर आणलं, त्याचं हसं नको.

तुझा, ल्यूशस

ओकलंड, १४ जानेवारी

चि. ल्यूशसला अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. आईने लपवलेला पीचचा केक फाटकापासून हुंगून काढणारा तू! थट्टा करणार होते, जमेना.

जे तू लिहिलं नाहीस ते मीच लिहिते. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वास गेला, मग ती आपली नावं विसरली.

नाव काढणार नाही. चर्चमधली तिकिटं संपत आली, त्या पैशांवर आपल्या समाजातल्या पोरांचं वाइनचं शिक्षण व्हायचंय. आधी डेल्फीनला सांग, मग डॉक्टर गाठ.

तुझी काळजीत पडलेली ताई

लोडाय, २२ फेब्रुवारी

ताईस सा. न.

ऐन सोडतीला तुझी कंबर धरावी आणि तू घरी अडकावीस! ऐक.

डेल्फीनला जाताना गाडीत सांगितलं. मग म्हणाली, म्हणजे तीन महिने मी अत्तर कुणासाठी लावत होते? आणि रडायला लागली.

व्यासपीठावर बूच काढलं, पेला नाकाशी नेला आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, मला वास येत नाही, तुम्हीच सांगा यात काय आहे. पहिल्या रांगेत ओपल गेन्स, नापाची वाइन करणारी ती तिखट जिभेची म्हातारी. तिने पेला घेतला, हुंगला. म्हणाली, ओली माती, काळा आलूबुखार, आणि पिंपात दोन महिने जास्त ठेवलीस, मूर्खा! पेला पुढे गेला, तशी वाइनवरून भांडणं जुंपली. हसलं कुणीच नाही. गेन्सबाई मंगळवारी माझी पिंपं हुंगून मिश्रण ठरवायला येणार आहेत. जेवण चांगलं हवं, अशी अट आहे. पेटी एका बस चालवणाऱ्या बाईला लागली, ती नाचतच घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, तापाने गेलेला वास परत येईलच असं नाही. आईच्या आजाराचं आज काही सांगता येत नाही, ऑगस्टमध्ये पुन्हा तपासतील. ताई, भीती गेलेली नाही. सकाळी उठून तुम्हा सगळ्यांची नावं मनात म्हणून बघतो.

आईच्या वेळी डॉक्टरांकडे तू एकटी आत गेलीस, मी बाहेर गाडीत बसून राहिलो. तू कधी त्यावरून एक शब्द बोलली नाहीस. ऑगस्टमध्ये ये. या वेळी आपण दोघंही आत जाऊ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा, ल्यूशस