तुमची गाडी, आपला कापूस

प्रिय अहो,

नाव घालून पत्र सुरू करायला अजूनही जमत नाही, म्हणून हेच. हसाल तुम्ही. हसा! पण आधी ऐका. दिवाळीत तुम्ही गेलात, तेव्हापासून तुमच्या गाडीला कुलूप होतं. आज सकाळी मी ते काढलं. का काढलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

कापूसची दशा झाली होती. तुमच्यामागे या कुत्र्याने अंगाला कंगवा लावू दिला नाही. ओसरीत बसवलं, अंगणात बसवलं, पोळीचा तुकडा दाखवला. पोळी खायचा आणि पलंगाखाली जायचा. कानामागे, काखेत, मागच्या पायांवर केसांच्या घट्ट गाठी झाल्या, खाली कातडी लाल झाली. काल त्याला कुत्र्यांचे केस कापतात त्या दुकानात नेलं. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, मशीनच मारावी लागते. समदे केस उतरवू. उन्हाळा हाय, त्याला बी गार वाटंल." आज दुपारची वेळ दिली.

मी हो म्हणून आले, आणि घरात पाऊल टाकताच तुमचा आवाज कानात!

दर उन्हाळ्यात तेच भांडण होतं ना तुमचं? ते किराणावाले आप्पा आठवतात? "भाऊ, तुमचा कापूस लई धापा टाकून राहिलाय. काढा की केस!"

"आप्पा, उन्हात निघताना तुम्ही डोक्याला रुमाल बांधता का सोडता?"

"बांधतो की."

"मग त्याचा रुमाल कशाला सोडायला लावता?"

आणि घरी आलात की तेच मला. आत मऊ लव, वर लांब केस. मेलेली लव विंचरून काढली की वारा कातडीपर्यंत जातो. भादरलं की ऊन थेट कातडीवर, आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. मी म्हणायचे, "मी गिऱ्हाईक नाही. जेवून घ्या." तुम्ही म्हणायचात, "बरं, हेडबाई." शाळेतून निवृत्त झाले तरी तुमच्यासाठी मी हेडबाईच!

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा आपण नांदेड सोडून इथे आलो. कचेऱ्यांना पाट्या होत्या, खुर्च्या नव्हत्या. जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींच्या जखमा धुण्यात तुमची नोकरी सरली. आणि निवृत्तीनंतर काय? जुन्या व्हॅनमध्ये टेबल ठोकलंत, पाण्याचा ड्रम बसवलात आणि घरोघर कुत्री न्हाऊ घालायला निघालात. तेही लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या साली! दुसरं साल मिळालं नाही तुम्हाला?

शेजारच्या कमलबाई फाटकातूनच ओरडल्या, "माणसाला प्यायला न्हाई, अन् हे कुत्री धुऊन राहिलेत!" ड्रमची तोटी त्यांच्याच घागरीत सोडलीत, आणि पाऊस पडेपर्यंत ड्रम कोरडा ठेवलात.

मग पाण्याशिवाय केस साफ करायचे म्हणून माझ्या डब्यातलं ज्वारीचं पीठ पळवलंत. गाठीला चोळलं की सुटते म्हणे! दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन. "दादा, आमच्या टायगरला मुंग्या लागल्या की हो!" त्या रखरखीत उन्हाळ्यात मी एकदाच पोट धरून हसले, ते तेव्हा.

शनिवारी तुम्ही नांदेडची गिऱ्हाइकं करायला जायचात. "चल की गं. लोह्याला थांबून चहा घेऊ, तुझ्या माहेरी डोकावून येऊ." मी कशी येणार? टँकर कधी येईल ते सांगता यायचं नाही, आणि घागरी घेऊन कोणीतरी दारात हवं. पुढे पाऊस झाला, टँकर थांबले. तोपर्यंत शनिवारी घरी राहायची सवय लागून गेली होती. "पुढच्या वेळी," मी म्हणायचे. किती सहज म्हणायचे हो!

आणि त्या शेवटच्या शनिवारी तुम्ही लवकर परतलात. "दमलो," एवढंच. मुक्या जनावराचं दुखणं हाताने ओळखणारा माणूस, स्वतःच्या छातीचं का बोलला नाही? मला काळजी नको म्हणून? कोणी सांगितलं होतं, मला काळजी नको आहे?

तर आज सकाळी. मशीन लागण्याआधी एकदा तुमचा तो स्टीलचा कंगवा लावून पाहावा, म्हणून गाडी उघडली. आत भट्टी तापलेली, तरी कडुलिंबाच्या साबणाचा वास तसाच. मी कंगवा शोधते आहे, तोवर कापूस माझ्या पायांमधून आत शिरला, पायरीवरून टेबलावर चढला आणि उभा राहिला. मान खाली. एक कान माझ्याकडे.

अहो, तो कंगव्याला नाही म्हणतच नव्हता! त्याची जागा ही होती.

तुम्ही धरायचात तशी गाठ मुळाशी चिमटीत धरली, म्हणजे कातडी ओढली जात नाही. टोकाकडून सुरुवात केली. काही सुटल्या, काही कात्रीने कापाव्या लागल्या. तो कण्हला, पण हलला नाही. फक्त मधूनमधून पुढे ड्रायव्हरच्या जागेकडे बघायचा. मग मीही बघायचे. टोपलीभर मेलेली लव निघाली. दुपारी दुकानात फोन करून सांगितलं, मशीन नको.

चिरंजीवांनी गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक आणलं होतं. त्यालाही नको सांगितलं. "आई, तुला चालवता येत नाही," म्हणाला. मी म्हटलं, "बसता तर येतं!"

ऐका, शब्द देते. कापूसच्या अंगाला मशीन लागणार नाही. दर शनिवारी तो टेबलावर उभा राहील आणि मी विंचरीन. या शनिवारी ड्रायव्हर बोलावला आहे. नांदेडला जाऊ, लोह्याला चहासाठी थांबू. मी पुढे बसेन, तुमच्या शेजारच्या त्या जागेवर. रिकामीच नेलीत ना ती दर वेळी?

यंदा टँकर पुन्हा सुरू झाले आहेत. शनिवारी आला, तर येऊ दे.

तुमची,
हेडबाई