केनुपाचा धक्का आणि बाकीची मालमत्ता

मी, एदेल्मिरा कार्कामो नाउतो, वय वर्षे एकोणऐंशी, लाकूड-चाचणी प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार केनुपा, चिलोए बेट, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणि आणायला धजेल असं या गावात कोणी उरलेलंही नाही. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, बटाट्याचे शेत व बँकेतली शिल्लक भाची नोल्फा हिला द्यावी. अट एकच. माळ्याखालची आडवी तुळई कापू नये. तिचा नवरा व्लादिमिर म्हणतो, "मावशी, डोक्याला लागते हो ती."

"मग वाकून चाल."

"पण तिच्यावर तर काहीच ठेवलेलं नाही. उगाच आहे."

उगाच! छपराच्या रेट्याने बाहेर जाऊ पाहणाऱ्या दोन भिंती ती धरून आहे. वर ओझं दिसत नाही म्हणजे ती बसून खाते असं नव्हे. हे त्याला सात वेळा सांगून झालं. आता कायद्याने सांगते: तुळई कापल्यास घर चर्चला जाईल.

२. लाकडाचे चारशे बारा नमुने आणि माझ्या वह्या कास्त्रोच्या तंत्रशाळेला द्याव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याने एक काडी लाकडाच्या रेषांच्या दिशेने व एक आडवी, स्वतःच्या हाताने मोडावी. नुसते आकडे पाठ करणारे इंजिनिअर मी पुष्कळ पाहिले.

३. गास्तोन उर्रेखोला, तेव्हाचे नगरपालिकेचे इंजिनिअर, यांना काहीही देऊ नये. कारण नोंदवते. १९९४ साली गावचा धक्का बांधताना त्यांनी माझ्या अहवालातला, कोइगे लाकूड किती भार सोसतं त्याचा आकडा उचलला. तो आकडा दोन सेंटिमीटर जाडीच्या, वाळलेल्या, बिनगाठीच्या काडीचा होता. धक्क्याच्या तुळया ओल्या होत्या, गाठाळ होत्या. तिथे त्या आकड्याचा पाचवा हिस्सा धरतानाही दहादा विचार करायला हवा. मी तसं दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. सुतारकाम माझ्या नवऱ्याकडे, एलेउतेरिओकडे होतं. तोही म्हणाला, "साहेब, मधे आणखी खांब द्या."

साहेब हसले. "मिस्त्री, तुमच्याच बायकोचा आकडा आहे. तिच्यावर विश्वास नाही का?"

सेंट पीटरच्या सणाला संताची मूर्ती होडीत चढवताना धक्क्याची मधली तुळई खालच्या बाजूच्या गाठीत मोडली. अकरा जण पाण्यात पडले. दहा निघाले. चौकशीत लिहिलं गेलं: लाकूड निकृष्ट, सुतार निष्काळजी. मी मोडक्या तुळईचे तुकडे तपासून एकोणीस पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. एलेउतेरिओने पुन्हा हत्यार हातात घेतलं नाही. नऊ वर्षांनी गेला.

४. धक्क्याचा राखणदार रुदेसिंदो बार्रिआ यालाही काही देऊ नये. त्या दिवशी बुडाली ती त्याची बायको ओफेलिआ. त्याचं दुःख मला कळतं. पण आम्ही दिसलो की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. एलेउतेरिओच्या प्रेतयात्रेलाही आला नाही. मरेपर्यंत माझा माणूस म्हणत होता, "रुदेसिंदोने मला माफ केलं नाही."

५. हे कलम आज, वाचनानंतर, याच टेबलाशी लिहीत आहे. तिसरा साक्षीदार तापाने पडला म्हणून नोटरी आबेलार्दो तेइगेल यांनी मला न विचारता शेजारच्या रुदेसिंदोला बोलावून आणलं. कायद्याप्रमाणे सगळं मोठ्याने वाचलं गेलं. चौथं कलम झाल्यावर तो उभा राहिला.

"एदेल्मिरा, मोडायच्या आधी तो धक्का तीन दिवस कुरकुरत होता."

"काय?"

"एलेउतेरिओने मला बजावलं होतं, आवाज आला तर दोर लावून धक्का बंद कर, मला हाक मार. मी ऐकला आवाज. पण सण तोंडावर होता. ओफेलिआने नवा झगा शिवला होता. म्हटलं, सण होऊ दे." मग म्हणाला, "त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने येणार होतो मी?"

मी टेबलावर हात आपटला. "अरे मूर्खा, हे तो जिवंत असताना सांगायला काय झालं होतं? नऊ वर्षं तो तुझी वाट बघत दारात बसायचा!"

नोल्फाने त्याला पाणी दिलं. मग मी नोटरींना सांगितलं, एलेउतेरिओचा रंधा याच्या नावे लिहा. ते म्हणाले, साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काही देता येत नाही. रंधा घ्यायचा तर सही दुसऱ्या कोणाची आणावी लागेल.

"रंधा राहू दे," रुदेसिंदो म्हणाला. "या कागदावर एलेउतेरिओचं नाव आहे. मला त्याच्याखाली सही करायचीय."

त्याचं म्हणणं त्याच्या संमतीने, त्याच्याच शब्दांत लिहिलं आहे. सही वेडीवाकडी आली तरी ती त्याचीच आहे. पुढे कोणी त्या सहीवर शंका घेऊ नये.

स्थळ: केनुपा. दिनांक: १२ ऑगस्ट २०१६.

(सही) एदेल्मिरा कार्कामो नाउतो

साक्षीदार:
(सही) ओतिलिओ मान्सिया
(सही) ब्रिखिदा ओयार्सो
(सही) रुदेसिंदो बार्रिआ

माझ्यासमक्ष: आबेलार्दो तेइगेल, नोटरी