दोनशे बारा फाईली

६ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर दरवेळी 'हो'च असेल तर प्रश्न विचारायचा कशाला? मला माहीत नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून कबूल करते.

प्रश्न 'नकल' विचारतो. 'नकल' म्हणजे आमच्या कतारगामच्या कारखान्यातला फाईल कॉपी करणारा जुना प्रोग्राम. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप केली की साडीचं डिझाइन प्रिंटिंग मशीनच्या 'चालू' फोल्डरमध्ये जातं, आणि एकेक प्रत दोन संग्रहांत. त्या नंबरची फाईल आधीच असेल तर 'नकल' थांबतो: वर लिहू का? म्हणजे जुनी पुसून तिच्या जागी नवी ठेवू का. रंग सुधारलेलं डिझाइन त्याच नंबरवर परत येतं, त्यामुळे मशीनवरचे मगनभाई दिवसातून चाळीसदा 'हो' दाबतात. त्या कळेवरचं अक्षर पुसलं गेलंय.

लिहिला भूपेंद्रभाईंनी. ते निवृत्त होऊन कामरेजला शेती बघतात. आता 'नकल' माझ्याकडे. प्रोबेशन ३१ डिसेंबरपर्यंत. संकल्प: तोवर 'नकल' आदर्श करायचा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रश्न काढला. चारच ओळी होत्या. त्यांच्या डोक्यावर भूपेंद्रभाईंची टीप: आ काढवुं नहीं. का काढायचं नाही, ते लिहिलेलं नाही. कारण न देता दिलेली आज्ञा मी मानत नाही. आमच्या घरात आजोबांपासून कोणीच मानली नाही, म्हणून तर मी पदवीपर्यंत आले.

दहा फाईलींवर चाचणी. दहाही बरोबर. मगनभाईंनी त्यांच्या चहातला अर्धा मला दिला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मालतीबाई बावीस वर्षं इथे डिझाइन काढतात. डिंडोलीच्याच, माझ्याच शेअर रिक्षात असतात. म्हणाल्या, भूपेंद्रभाईला विचारलं का गं पोरी? म्हटलं, मावशी, सगळं कोडमध्ये लिहिलेलं असतं. म्हणाल्या, असू दे, फोन कर एक. संकल्प: फोन करायचा. आधी प्रश्नांची यादी करते.

पप्पा डाईंग मिलवरून आले ते शेजाऱ्यांना सांगतच. आख्ख्या कारखान्याची डिझाइनं हिच्या हातात म्हणे. आई म्हणाली, हातातून पडली तर? पप्पा तिला म्हणाले, अंजना, कॉम्प्युटरमधून काही पडत नसतं. मी पप्पांच्या बाजूने बोलले.

२६ ऑक्टोबर, रविवार. लाभपाचम

दिवाळीनंतरचा मुहूर्त. सगळ्या मशीनना कुंकू, कीबोर्डलाही. एंटरची कळ आता चिकटते. आमच्याकडे लाभपाचमीला डिझाइनचे नंबर पुन्हा १ पासून सुरू होतात. १ नंबर मालतीबाईंचा असतो. शेठनी नारळ फोडला, मी 'नकल' चालवला. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं. टाळ्या.

मालतीबाई टाळ्या न वाजवता स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणाल्या, यंदा अडलं नाही? दरवर्षी ऐन मुहूर्ताला अडायचं. भूपेंद्रभाई 'एक मिनिट' म्हणून काहीतरी खुडबुड करायचे, मग जायचं. म्हटलं, आता अडत नाही मावशी.

त्या म्हणाल्या, हां, तेच म्हणतेय.

८ नोव्हेंबर, शनिवार

'चालू'मध्ये २१२ फाईली. दिवाळीआधीही २१२ होत्या. मधे बारा नवी डिझाइन्स आली. आधी मोजताना चुकले असेन. संकल्प: सोमवारी नीट मोजायचं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

त्या सोमवारी जमलं नाही. परवाच्या सोमवारीही नाही. आज मोजल्या. २१२.

रोज डिझाइन येतं आणि डिस्क भरत नाही. माझ्या बदलाचा हा फायदा मी धरलाच नव्हता. नोंद करून ठेवावी.

भूपेंद्रभाईंचा नंबर काढला होता. पण आता फोन केला तर त्यांना वाटेल मला काही अडचण आहे. अडचण नाही. डबा तसाच परत आणला. आई म्हणाली, भाजी खारट झाली का. नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार

लग्नसराईसाठी एका व्यापाऱ्याने गेल्या वर्षीचा १७ नंबर परत मागवला. बारीक कुयरी. मालतीबाईंनी चिठ्ठी दिली, मगनभाईंना 'चालू'त एकच १७ सापडला, तोच लावला. मगनभाई नंबर छापतात, चित्र बघत नाहीत. सहाशे मीटर झाल्यावर कापडाच्या घड्या घालणाऱ्या फोल्डिंगवाल्यांनी आरोळी दिली. कापडभर मोठमोठी कमळं. यंदाचा १७.

शेठ म्हणाले, मालतीबेन, चूकी गया ने? उंमर थई. मालतीबाईंनी चिठ्ठी पुढे केली, १७ म्हणजे १७च लिहिलाय की. शेठ म्हणाले, मग तुमच्या यादीत घोळ असेल. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मीसुद्धा.

नंतर फाईलची तारीख काढली. १४ नोव्हेंबर. जेवणाची सुट्टी संपत आली होती, म्हणून स्क्रीन बंद केली.

२ डिसेंबर, मंगळवार

दोन्ही संग्रह तपासले. तिन्ही जागी अगदी एकसारखं आहे. हेच तर मला हवं होतं.

गेल्या वर्षीची १ ते ३१ कुठेच नाहीत. त्यांच्या जागी यंदाची १ ते ३१ आहेत. डिझाइन रूममध्ये जुनी पुसून टाकतात, संग्रह आहे ना, म्हणून.

प्रश्न परत घालायला दोन मिनिटं लागतील. पण आत्ता घातला तर मगनभाई विचारतील, परत का अडतंय. वातावरण निवळू दे. संकल्प: शुक्रवारी, नक्की.

आज ३२ आणि ३३ आले.

५ डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर मगनभाई शेजारीच होते. जमलं नाही. ३६ पर्यंत आलं.

शेठनी मालतीबाईंना सांगितलं, पंधरा तारखेपासून घरी आराम करा. रिक्षात माझ्या शेजारी बसल्या. सहारा दरवाजा गेला. मग म्हणाल्या, पोरी, माझं डोकं खरंच चालेना झालंय का गं? सतराला मी कुयरीच काढली होती ना? आता माझाच माझ्यावर भरवसा नाही.

म्हटलं, आठवत नाही मावशी.

आठवते. कुयरीच होती.

६ डिसेंबर, शनिवार

आई-पप्पा अभिवादनाला दादरला गेले. मला डोकं दुखतंय असं सांगून मी घरी थांबले. थोडं दुखतही होतं.

भूपेंद्रभाईंना फोन केला. मागे मोटरचा आवाज, शेताला पाणी चालू होतं. नाव सांगताच म्हणाले, लाभपाचमपासून तुमच्या फोनची वाट बघतोय बेन. मग सांगितलं. वर्षभर उत्तर 'हो'. फक्त लाभपाचमीच्या मुहूर्ताला 'ना'. १ नंबरवर 'नकल' अडला की कळायचं, मागचं वर्ष अजून 'चालू'तच पडलंय. मग तिन्ही जागी त्या फोल्डरला मागच्या वर्षाचं नाव देऊन बाजूला ठेवायचं आणि नवं रिकामं 'चालू' उघडायचं. एक मिनिटाचं काम. एवढ्यासाठी तो प्रश्न होता.

विचारलं, गेलेली परत येतील का. मोटर बंद केली त्यांनी. म्हणाले, उपर लखाई गयुं, बेन. वर लिहिलं गेलं, म्हणजे गेलं.

संकल्प: तीन पानांचा अहवाल. शीर्षक 'कार्यपद्धतीतील त्रुटी'. माझं नाव कुठल्या पानावर येईल ते ठरायचंय.

८ डिसेंबर, सोमवार

अहवाल लिहिला नाही. शनिवारी मी नव्हते, तरी ३७ आलाच होता.

गेल्या गेल्या 'नकल' बंद केला. शेठ मशीनपाशी होते, मगनभाई आणि मालतीबाईही. म्हटलं, मालतीबाईंची चूक नाही. प्रोग्राम मी बदलला. मागच्या वर्षीची सदतीस डिझाइन्स माझ्यामुळे गेली. मशीनचा आवाज एवढा की शेठ म्हणाले, शुं? परत सांगावं लागलं, ओरडून. तेवढ्यात मगनभाईंनी मशीन थांबवली, त्यामुळे शेवटचं वाक्य फोल्डिंगपर्यंत गेलं.

शेठ आधी मालतीबाईंकडे वळले. मग म्हणाले, मालतीबेन, तमे बेसो, काम करो. माझ्याकडे वळून म्हणाले, तुमचं एकतीस तारखेला बघू.

मालतीबाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, शुक्रवारी रिक्षात विचारलं होतं मी तुला. एवढंच. मग पेन उचललं. संध्याकाळी त्या दुसऱ्या रिक्षाने गेल्या.

मी डिंडोलीला उतरले नाही. पप्पांच्या डाईंगच्या गेटवर गेले, शिफ्ट सुटेपर्यंत उभी राहिले, आणि घरी बातमी पोचायच्या आत त्यांना सगळं सांगितलं.