सगळ्याला हो

३ फेब्रुवारी, कोयनानगर
पोचलो एकदाचा! घाटाची वळणं संपता संपेनात, पण कंपनीनं दिलेली खोली झकास आहे. कवठे महांकाळच्या उन्हातनं आलेल्या माणसाला हा गारवा म्हणजे चैनच. घरमालक आकाराम अण्णा फौजेतनं निवृत्त झालेले. माझ्या आधी इथं कंपनीतलाच निमिष राहायचा. तो म्हणे चपला विसरून घरी गेला. दाराशी अजून तशाच आहेत. गावाकडं आई एकटी आहे, म्हणून रोज फोन करायचं कबूल केलंय.

५ फेब्रुवारी
आज कामाची मांडामांड. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्राम. गंमत अशी की जुना कंपायलर नवा घडवतो, नवा पुन्हा स्वतःला घडवतो, आणि दोन्ही तंतोतंत जुळले की जुना पुसून टाकायचा. हे सगळं करणारी स्क्रिप्ट निमिषनं लिहून ठेवलीये. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, बस्स. ती सारखी परवानगी मागते. कॅमेरा हवा, माईक हवा, फोन हवा. कोण वाचत बसतो! मी ओळीच्या शेवटी ‘सगळ्याला हो’ जोडून टाकलं आणि भाकरी घेऊन बसलो. पहिला तुकडा नेहमीसारखा खिडकीत चिमण्यांना ठेवला. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

७ फेब्रुवारी
दुपारी खोली हादरली, भांडी वाजली. इथं भूकंपाचे हादरे नेहमीचेच, म्हणून अण्णांना सहज विचारलं. ते म्हणाले, आज हादरा बसलाच न्हाई.
स्क्रिप्ट अजून चालूच. पडद्यावर ओळ आली : आवाज जुळला. कंपायलरला माझा आवाज कशाला? बंद करायला गेलो, होईना. निमिषला फोन लावला. मजेत होता. चपलांचं विचारलं तर म्हणाला, त्या माझ्या पायात आहेत की.

८ फेब्रुवारी
आई म्हणते, सकाळीच बोललास, उद्या येतो म्हणालास. मी फोन केलाच नव्हता. पडद्यावर — चेहरा जुळला. सामान भरलंय. उद्या पहिल्या एसटीनं घर गाठायचं.

९ फेब्रुवारी
एसटी थांबली नाही. मी रस्त्यात उभा होतो, ड्रायव्हरनं पाहिलंच नाही. अण्णांना हाका मारल्या. समोरून निघून गेले.
आईला फोन लावला. म्हटलं, आई, मी जयराज.
“जयराज हितं जेवतोय की. आत्ताच चिमण्यांना पहिला तुकडा ठिवला त्यानं. तुमी कोण?”
मागनं माझाच आवाज आला. राँग नंबर असंल, ठेव आई.

दुपार
पडद्यावर — आई जुळली.
जुना पुसायचा? खाली आपोआप — हो.
‘नाही’ टाइप करतोय. बटणं दबत नाहीत. बोटं —

अण्णा खोली झाडायला आलेत. माझ्या चपला उचलून निमिषच्या चपलांशेजारी लावल्या. फोनवर कुणाला तरी सांगतायत, ह्ये बी चपला इसरून घरी गेलं, खोली रिकामी हाय.
अण्णा, मी इथंच — खाटेवर — आईला कुणीतरी सांगा, तो मी