कायम साडेतीन

३ जून, मंगळवार
आकाश लागलं! आज पहिल्यांदा स्क्रीनच्या पॅनेल्सचं अख्खं छत चालू केलं आणि मी आ वासून बघतच राहिले. स्वतःच केलंय, तरी! इतके महिने कॉम्प्युटरवर बघत होते, पण डोक्यावर बघणं वेगळंच. निळं, खोल, एका कडेला पिवळसर ऊन. ढग इतके हळू सरकतात की सरकताना दिसतच नाहीत. जरा वेळाने बघावं तर जागा बदललेली!

हा नुसता नमुना. ऑफिसच्या ब्लॅकटाउनमधल्या शेडमध्ये उभा केलेला हॉलचा एक तुकडा — गालिचा, चार-पाच जुगाराची मशिन्स, मऊ खुर्च्या. खरं कसिनो-रिसॉर्ट वेगासला बांधतायत, पुढच्या वर्षी उघडणार. तिथला हॉल एवढा मोठा की या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येणार नाही. घड्याळ नाही, खिडकी नाही. आणि वर माझं आकाश. कायम दुपारचे साडेतीन! संध्याकाळ होतच नाही.

क्रेग, आमचा बॉस, म्हणाला, "इथे कुणाला घरी जायची आठवण व्हायला नको, मेट. दॅट्स द होल जॉब."

झाला की मग जॉब. पिंपरीच्या मनपा शाळेतली मुलगी वेगासचं आभाळ करते! आहे काय अन् नाही काय!

५ जून
आईचं आज फारच झालं.

इथे जगाच्या या टोकाला जून म्हणजे हिवाळा, साडेचारला उजेड उतरतो, आणि उतरला की हिचं सुरू. "घरी चला. अंधार पडतोय, घरी चला." आई, हेच घर आहे. ऐकते कुठे! पिशवीत दोन साड्या, टॉवेल आणि टीव्हीचा रिमोट भरते आणि दाराशी जाऊन उभी. विसरण्याचा आजार आहे, डॉक्टर म्हणतात संध्याकाळी वाढतोच. आज मी ऑफिसातून यायच्या आत गेट उघडून गेली. सुखदेवला क्वेकर्स हिलच्या रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर सापडली. अनवाणी.

सुखदेव माझा नवरा, पण आईवर माझ्याहून जास्त जीव त्याचा. तोच म्हणाला, "मानसी, परत असं झालं तर तिला वृद्धांच्या होममध्ये ठेवावं लागेल. काही बरंवाईट झालं असतं आज." भांडले मी. जाम भांडले. तो चुकीचं बोलत नाहीये, म्हणून तर एवढा राग येतो.

कितीही रडारड झाली तरी शेवटी एक होतंच. बुद्धांच्या मूर्तीपुढे, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची तिला बरोब्बर आठवते. वंदना अख्खी पाठ, एक शब्द चुकत नाही. दिवसभर मी तिची 'ओ सिस्टर' — दवाखान्यातली कुणीतरी. तेवढ्यापुरती 'मानसे'. "मानसे, काडेपेटी आण." वंदना संपली की परत सिस्टर.

१० जून
आईला दिवसा सांभाळायला येणारी लता आजारी. सुट्टी मिळेना. शेवटी आईला घेऊनच शेडवर गेले. मनात धाकधूक — संध्याकाळी इथे तमाशा झाला तर?

आत आली, वर बघितलं. "अगं बाई, काय सुंदर ऊन पडलंय!" आणि मशीनसमोरच्या खुर्चीत मांडी घालून बसली. बाहेर काळोख झाला. मी सारखी तिच्याकडे बघतेय. काही नाही! क्रेगला मराठीत विचारते, "जेवलास का रे बाळा?" तो म्हणाला, "नो वरीज, आंटी." घरी चला — एकदाही नाही!

निघालो तेव्हा मिट्ट अंधार, पण बाई गाडीत बसल्याबसल्या पेंगली.

हे मी केलंय! माझ्या आईला शांत करणारं आकाश मी केलंय!

१४ जून, शनिवार
उरलेली पॅनेल्स क्रेगने मला देऊन टाकली. सुखदेव शिडीवर, मी खालून ओरडतेय. घरातल्या हॉलचं छत भरलं, जाड पडदे ओढले, वेगासचाच प्रोग्रॅम टाकला. लेक मयूरा युनिव्हर्सिटीतून आली आणि दारातच थांबली. "मम्मी, धिस इज इनसेन."

१५ जून
पाच वाजले. सहा वाजले. आई हसतेय!!

१९ जून
पिशवी कपाटात पडून आहे. कुणी दाराशी जात नाही. रोज साडेतीनच्या उन्हात बसून आम्ही रात्रीचं पिठलं-भात खातो. सुखदेवने होमचं नाव काढलेलं नाही. मला म्हणाला, "जादूगारीण आहेस तू!" आहेच मुळी.

२३ जून
वेगासहून रिसॉर्टच्या मोठ्या बाई आल्या होत्या. "दहा मिनिटं बघते," म्हणून मशीनसमोर बसल्या. उठेचनात! आम्ही जेवून आलो, कॉफी झाली, बाई तिथेच. शेवटी बाहेर आल्या तर अंधार. रस्त्याकडे बघतच राहिल्या. "पण मी आत्ताच तर आले!" मग मला मिठीच मारली. पास! सगळं पास!

हॉटेलवर त्यांची मुलगी जेवायला थांबली होती, तिला साफ विसरले, असं हसत हसत सांगत होत्या. आम्हीही हसलो.

२५ जून
जेवताना मयूराने सहज विचारलं, "व्हाय डझंट आजी डू द कॅन्डल एनीमोर?"

ताटावरून उठले. मूर्तीपुढे जाऊन बघितलं. मेणबत्ती अर्धी जळलेली, वर धूळ. शनिवारी पॅनेल्स लावली त्याच्या आदल्या दिवशीची.

आईला हाताला धरून नेलं. काडेपेटी हातात दिली. तिने वर बघितलं, हसली. "आत्ता? अजून ऊन आहे की, सिस्टर. दिवस मावळू द्या." आणि परत खुर्चीत जाऊन बसली. किती शहाण्यासारखी बसली होती! दिवस मावळायची वाट बघत!

एवढ्या दिवसांत एकदाही 'मानसे' नाही. आणि मला कळलं नाही. मी खूश होते!

सुखदेवला सांगितलं. तो म्हणाला, "बंद केलंस तर परत ते सगळं, मानसी. स्टेशन, पिशवी, सगळं."

माहितीये रे.

२६ जून
ऑफिसातून लवकर आले. सुखदेव बाहेर गेटपाशी उभा राहिला. मी पडदे उघडले, आकाश बंद केलं. अंधार पडू दिला. आई घाबरली, रडली, मला ढकललं, पिशवी भरली. घरी चला, घरी चला. मीही रडले. तिने दाराच्या कडीला हात घातला आणि थांबली. मागे वळली.

"मानसे, रडतेस काय? काडेपेटी आण."