घाबरल्यावर सुचणारे शब्द

बाई, कविता सुरू करण्याआधी तुम्ही म्हणायचात, "पुस्तकं मिटा." पिंपळगावच्या शाळेबाहेरून द्राक्षांचे टेम्पो जात असायचे आणि तुम्ही डोळे मिटून अख्खी कविता म्हणायचात. मिटल्या पुस्तकाने येतं तेच खरं येणं, एवढं धरून मी इथे नाशकात म्हातारा झालो. म्हणून सूनबाई म्हणाली, "बाबा, माझ्या परीक्षेत पुस्तकं समोर ठेवता येतात," तेव्हा मला हसूच आलं. "मग परीक्षा कसली गं ती?" "वाचत बसलं की वेळ संपतो, बाबा. पटकन सापडलं पाहिजे."

परीक्षा सायबर सुरक्षेची. दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्याला ओळखायचं कसं, अडवायचं कसं. लेकीसाठी तिने नोकरी सोडली होती. कंपनी परत घ्यायला तयार होती, पण ही परीक्षा झाली तरच. जेवणाच्या टेबलावर उशांएवढी पुस्तकं, पानांच्या कडांना रंगीत चिकटपट्ट्या, आणि ती स्वतःची सूची बांधतेय: शब्द, पुस्तक, पान. मी समोर बसून सरावाचे प्रश्न वाचतो, तिने पान काढायचं. मी सवयीने चालीत वाचायला लागलो की म्हणते, "बाबा, व्हायरस आहे तो, त्याची आरती नका करू!"

एका दुपारी ती अडली. दोघांच्या बोलण्यात तिसरा गुपचूप बसून निरोप बदलतो, त्या हल्ल्याचा प्रश्न होता. ती भराभर सूची उलटतेय, डोळ्यांत पाणी. "येतंय हो मला! पण मधला चोर, मधला चोर एवढंच सुचतंय. पुस्तकातलं नावच आठवत नाही."

"मग मधला चोर लिही की."

"असं कोणी लिहितं का?"

"शोधणार कोण? तूच ना?"

तिने डोळे पुसले. मग तिने लिहिलं. त्या दिवसापासून इंग्रजी नावांच्या शेजारी मराठी उगवायला लागलं: 'ओळखीचं नाव, खोटं पत्र'. 'लावायची किल्ली वेगळी, उघडायची वेगळी'. 'दार उघडेपर्यंत किल्ल्या लावत बसणारा'. बाई, मी थक्क होऊन बघत होतो. आपण घाबरलो की आपल्याला काय सुचेल, हे माणूस आधीच ओळखून ठेवतो, आणि तिथून पानापर्यंत स्वतःसाठी वाट बांधतो! एवढं मोठं पाठांतर मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्यात पाठ असं काहीच नव्हतं.

आज फोन आला. "बाबा, पास!" हसत होती की रडत होती, कळेना. घरी आल्यावर नातीला कडेवर घेऊन म्हणाली, "आता आजोबांनाही अर्धी सायबर सुरक्षा येते." मी मान डोलावली.

तुम्ही गेलात तिथे पत्र पोचवणारी पेटी नाही, म्हणून सांगून टाकतो. मला त्यातलं फारसं काही कळलं नाही, बाई. ती बोलायची ते ऐकत राहावंसं वाटायचं, एवढंच. तुमच्या वर्गातही मी अशीच मान डोलवायचो.